दहावा फॉर्म

एखादा माणूस माझ्याशी विनाकारण चांगला वागायला लागला की माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. यात माझा काही दोष नाही. विमा कंपनीच्या दावे विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? जळालेली दुकानं बघितली. माल मात्र आगीच्या आदल्याच दिवशी मेहुण्याच्या घरी पोचलेला. पाय मोडलेले बघितले; माझी पाठ वळली रे वळली की दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरणारे. एकदा तर कागदोपत्री वारलेल्या गृहस्थांनी स्वतःच दार उघडलं आणि "ते आता नाहीत हो" असं मला सांगून डोळे पुसले. तेव्हापासून माझं एकच तत्त्व: पुरावा जोडावा. इमारतीतले लोक मला पाठीमागे 'पुरावाकाका' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, याचा माझ्याकडे पुरावा आहे.

तर सांगायची गोष्ट अशी की माझी एकुलती एक मुलगी दीड वर्षं माझ्या घरी आली नव्हती आणि मला तिच्या घरी येऊ देत नव्हती. कारण काय, तर तिने पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी त्याला एक फॉर्म भरायला दिला. बस, एवढंच! चारच पानांचा तर होता. त्यातला सतरावा रकाना होता 'लग्न करण्यामागचा हेतू'. त्यात त्या पठ्ठ्याने लिहिलं, 'ती आवडते.' आता एकतीस वर्षांची सवय. मी लाल शाईने समासात लिहून गेलो, 'पुरावा जोडावा.' मुलीने तो कागद वाचला, घडी घालून माझ्यासमोर ठेवला आणि पुढच्या महिन्यात दोघांनी विवाह नोंदणी कचेरीत जाऊन लग्न केलं. साक्षीदार कोण? बाहेर बाकड्यावर आपापल्या कामासाठी बसलेली तीन अनोळखी माणसं! ओळखपत्र तरी बघितलं का त्यांचं, असं मी फोनवर विचारलं, आणि तिथेच संवाद संपला.

नंतर मी फोन करत राहिलो, ती कट करत राहिली. एका रविवारी मात्र तिने उचलला आणि एका दमात म्हणाली, "बाबा, तुम्हाला जगात एक माणूस सरळ दिसत नाही. एकदा तिकीट, आरक्षण, पावती सगळं सोडून घराबाहेर पडा. दहा अनोळखी माणसांनी तुमच्यासाठी काहीतरी चांगलं केलं, असं मला येऊन सांगा. मग माझं दार उघडं." आणि फोन बंद.

याला कुणी रागाच्या भरात बोललेलं वाक्य म्हणेल. मी याला अटी आणि शर्ती म्हणतो. तिकीट नको म्हणजे बस गेली, आरक्षण नको म्हणजे गाडी गेली. राहिली सायकल. तिचं शहर तीनशे वीस किलोमीटरवर आणि माझं वय अठ्ठावन्न.

"अहो, ती चिडून बोलली," बायको म्हणाली. "तुम्ही नुसते जा, दारात उभे राहा आणि रडा. लेक आहे, विरघळेल."

"रडण्याची नोंद कुठे ठेवायची?" मी विचारलं. तिने कपाळावर हात मारला आणि बॅगेत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या भरायला घेतल्या. एवढी वर्षं संसार केल्यावर कपाळावर हात मारणं हीच तिची संमती असते, हे मला अनुभवाने कळलेलं आहे.

बातमी इमारतीत पसरायला लिफ्ट एकदा वर-खाली झाली तेवढा वेळ पुरला. सल्ल्यांचा पाऊस पडायला लागला. सेक्रेटरी म्हणाले, रस्त्यात कोणाकडून पाणीसुद्धा घेऊ नका. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, कोणी पत्ता विचारला तर थांबू नका, आणि कोणी पत्ता सांगितला तर त्या रस्त्याने जाऊ नका. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी त्यांच्या मामेभावाची गोष्ट सांगितली. त्याला प्रवासात एकाने बसायला जागा दिली आणि पुढे तो एका सहकारी पतपेढीचा संचालक होऊन बसला. यातून बोध काय घ्यायचा ते मला कळलं नाही, पण सावध राहायचं एवढं मी लिहून घेतलं. खरं सांगायचं तर हे सगळे सल्ले मला मनापासून पटत होते. पंचाईत एवढीच होती की ते पाळले असते तर दहा भली माणसं मला भेटणार कुठे?

तोड मी काढली. एक फॉर्म तयार केला. वर प्रवाशाचा तपशील: नाव, वय, रक्तदाब (गोळीच्या नावासह), डावा गुडघा (जुनी दुखापत), चहा बिनसाखरेचा, आजचा मार्ग, पुढचा मुक्काम, आणि अडचणीच्या वेळी संपर्काचे नंबर, पहिला बायकोचा, दुसरा मुलीचा. खाली मदत करणाऱ्याचं नाव, पत्ता, मदतीचं स्वरूप, मदतीमागचा हेतू, सही. मधे कार्बन पेपर. मूळ प्रत माझ्याकडे आणि पोच म्हणून दुसरी प्रत समोरच्याला, कारण जबाब घेतला की त्याची प्रत देणाऱ्याला द्यायची, हा दावे विभागाचा नियमच आहे. उगाच कोणी नंतर म्हणायला नको की मी असं बोललोच नव्हतो. दहाच्या जागी बारा फॉर्म घेतले. दोन रद्द होण्यासाठी.

निघण्याआधी पोलीस चौकीत गेलो. म्हटलं, मी अमुक दिवशी सायकलने निघालो असा एक दाखला द्या. तिथल्या हवालदारांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "निघाल्याचा दाखला आम्ही देत नाही," ते म्हणाले. "वाटेत संपलात तर पंचनामा करून देतो." सरकारी उत्तर असलं तरी त्यात एक सोय होती, म्हणून मी आभार मानले.

सायकलला तीन कुलपं लावून (एक पुढे, एक मागे, एक दोघांवर लक्ष ठेवायला) सोमवारी सकाळी मी निघालो. अख्खी इमारत गॅलरीत उभी होती. मी रुबाबात हात हलवला, त्यामुळे तोल गेला आणि फाटकाशी सेक्रेटरींच्या कुंडीवर आदळलो. कुंडी फुटली. ही घटना मी प्रवासात धरत नाही.

चौदाव्या किलोमीटरला टायर बसला. आणि बघा हं, तिथून पन्नास पावलांवर पंक्चरचं दुकान! असल्या योगायोगांवर माझी उभी हयात गेली. दुकानदार मिशाळ, घामाने डबडबलेला. "या काका, सावलीत बसा," म्हणाला. मी सावलीत बसलो नाही. मागे जाऊन शंभर पावलं रस्ता तपासला, कारण हाच खिळे टाकत असणार. चाकात स्क्रू सापडला. पण तो माझ्याच कॅरियरचा निघाला, कुंडीच्या घटनेत निखळलेला. मी परत येऊन गुपचूप सावलीत बसलो. त्याने पंक्चर काढलं, कॅरियर आवळला, बाटलीत गार पाणी भरलं आणि पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, "राहू द्या हो. या वयात एवढ्या लांब निघालात."

"राहू द्या?" मी पेन काढलं. "इथे हेतू लिहा."

त्याने आधी हात पुसले. मग त्याने लिहिलं, 'पंक्चर झालेलं होतं.' सही केली. मी त्याला पोच दिली. ती त्याने नीट वाचली, अगदी वरपासून खालपर्यंत. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुपारी चाळीसेक किलोमीटरवर एका चहाच्या टपरीशी थांबलो. टपरी चालवणाऱ्या बाई मला बघताच म्हणाल्या, "या काका, बसा. बिनसाखरेचा ना?"

माझा हात पेनाकडे गेला. या बाईंना मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. "तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"चेहऱ्यावरून कळतं," त्या म्हणाल्या आणि पदराआड हसल्या. फॉर्मवर हेतूच्या जागी त्यांनी लिहिलं, 'चहा झालेलाच होता.' पोच घेताना त्यांनी विचारलं, "आणखी एक कोरा मिळेल का? दाखवायला हवा होता." कोणाला दाखवायला? मी कोरा दिला नाही. कोऱ्या कागदावर काय काय होतं ते मला विचारा.

संध्याकाळी मुक्कामाच्या गावात शिरलो तर रस्त्याच्या कडेला एक शाळामास्तर छत्री घेऊन उभे. "गुडघा कसाय? डावाच ना?" दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानातला चष्मेवाला माझ्याच गोळ्यांची पट्टी हातात धरून दारात. "घरी विसरला असाल तर म्हणून काढून ठेवली." त्या खरंच घरी राहिल्या होत्या. बायकोने भरल्या, मी बॅगेचं वजन कमी करायला बाहेर काढल्या होत्या. आता तुम्हीच सांगा, ही माणसं भली असतील का? माझ्या अनुभवात इतकी माहिती फक्त टोळीकडे असते.

मी झाडाखाली उभा राहून बायकोला फोन लावला. "खरं सांग, तू कोणाला फोनबिन केलास का?"

"मी?" ती म्हणाली. "इथे सेक्रेटरी कुंडीसाठी रोज दारात उभे राहतात. मला तेवढंच काम आहे का? गोळ्या घेतल्यात?"

"टोळीने दिल्या."

"मग घ्या एकदाच्या," असं म्हणून तिने फोन ठेवला.

बायको खोटं बोलत नाही. निदान फोनवर तरी. म्हणजे टोळी खरी. मग मी डाव टाकला. ठरलेला रस्ता सोडून मुद्दाम आडवाटेने गेलो, चार तास खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करून घेतली, आणि एका तिठ्यावर मैलाचा दगड बघत उभा राहिलो. तेवढ्यात ट्रॅक्टरवरचा एक धिप्पाड माणूस थांबला. "काका, तुम्ही इकडे कुठे? तुमचा रस्ता तर तो!" सायकल ट्रॉलीत टाकून त्याने मला मूळ रस्त्यावर आणून सोडलं. हेतू: 'चुकले होते.' मी चुकलो नव्हतो, मी निसटत होतो. पण ते फॉर्मवर लिहायला रकाना नव्हता.

तिसऱ्या दिवशी तर कहर झाला. एका बाजारात कुणीतरी माझी सायकल उचलून पायऱ्या चढवून दिली, म्हणून मी त्याच्याकडून फॉर्म भरून घेत होतो. वर बघतो तर मागे वीसेक माणसांची रांग. "कसली योजना आहे?" पहिल्याने विचारलं. योजना नाही, म्हटलं, हा मदतीचा फॉर्म आहे. "मदतीचा फॉर्म!" ही बातमी रांगेत मागे गेली आणि रांग दुप्पट झाली. एक आजी आधीच कोऱ्या कागदावर फोटो चिकटवून घेऊन आल्या होत्या. शेवटी एक पोलीस आला. त्याने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "कोणत्या खात्याचे तुम्ही? नेमणुकीचं पत्र दाखवा." माझ्याकडून नेमणुकीचं पत्र! माझ्याकडे पुरावा मागितला! एकतीस वर्षांत असा अपमान झाला नव्हता. माझे कान लाल झाले. मी मुलीचं सगळं सांगून टाकलं. पोलिसाने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि रांग पांगवून मला वेशीपर्यंत पोचवलं. मी फॉर्म पुढे केला. हेतूच्या रकान्यात तो लिहून गेला, 'मलाही दोन मुली आहेत.'

तो रकाना मी दोनदा वाचला. समासात लिहायला हात गेला नाही, एवढंच सांगतो.

पाचव्या दिवशी दुपारपर्यंत नऊ फॉर्म झाले. नऊही प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत, छातीशी. राहिलेले कोरे पुढच्या टोपलीत. शहर वीस किलोमीटरवर आलं. एकच फॉर्म हवा होता. मी चक्क मदतीला योग्य असे चेहरे करत चाललो होतो, पण कोणी थांबेना. टोळीला सुट्टी असावी.

चढ लागला. डावा गुडघा कुरकुरायला लागला, मी त्याला शिव्या देत होतो, तेवढ्यात एक बकरी आडवी आली. मी तिला वाचवायला गेलो. ती वाचली. मी सायकलसकट कडेच्या नाल्यात. पाणी गुडघाभर, पण अभिमान पार बुडाला. कोरे फॉर्म लांब वाहत गेले. गुडघ्यातून रक्त येत होतं, हँडल वाकडं, मागचा मडगार्ड तुटलेला, आणि उठायला जावं तर पाय धरेना. मी तिथेच चिखलात बसलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, एका फॉर्मसाठी. दाराशी जाऊन तिला नऊ सांगितले तर ती दार लावून घेईल. आणि मग, काय लपवायचं, मी रडायला लागलो. बायकोने सांगितलं होतं ते काम मी वीस किलोमीटर आधीच करून बसलो.

एक माणूस खाली उतरला. लुकडासा, पांढऱ्या खुंटांचा. काही न बोलता त्याने मला काखेत हात घालून वर काढलं. गळ्यातला रुमाल फाडून गुडघा बांधला. पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल सरळ केलं. मग एका हाताने सायकल आणि दुसऱ्या हाताने मला धरून तो चढ चढायला लागला. सगळा चढ. मी बोलत होतो. मुलीचं, लाल शाईचं, लग्नाच्या साक्षीदारांचं, सगळं. तो "हं" म्हणत होता. माथ्यावर त्याने सायकल माझ्या हातात दिली.

"आता उतारच आहे," तो म्हणाला. "ब्रेक हळू दाबा." आणि वळून आला तसा निघून गेला.

अर्धा उतार उतरल्यावर मला आठवलं. नाव! पत्ता! हेतू! मी ब्रेक दाबला (हळू), मागे बघितलं. रस्ता रिकामा होता.

संध्याकाळी मुलीच्या इमारतीत शिरलो तेव्हा चिखल वाळून खपल्या पडत होत्या. दुसरा मजला. बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीत तिचा एक डोळा दिसला. दीड वर्षांनी. तो डोळा आधी माझ्या गुडघ्याकडे गेला, पण आवाज मात्र करारी.

"किती?"

"दहा," मी म्हणालो आणि फटीतून पिशवी आत सरकवली. आत कागद चाळल्याचा आवाज आला.

"हे नऊच आहेत. आणि हे मला माहीत आहेत."

"कसे?"

"कसे काय? प्रत्येकाला पोच दिलीत ना? त्यावर माझा नंबर, तुमचा रस्ता, गुडघा, चहा! पंक्चरवाल्यांनी पहिल्या दिवशीच फोन केला. म्हणाले, वडील एकटेच निघालेत, जरा तिरसट आहेत पण मनाने बरे वाटतात, पुढे टपरीवर माझी बहीण आहे, तिला सांगून ठेवतो. बहिणीने मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी औषधवाल्यांना. पाच दिवस माझा फोन वाजतोय, बाबा. त्या पोलिसांनी तर मला अर्धा तास सुनावलं."

म्हणजे कट होताच. माझा अंदाज चुकला नव्हता. फक्त कटाची सगळी माहिती कार्बन लावून मीच पुरवली होती. मी भिंतीला टेकलो.

"दहावा कोण?" तिने विचारलं. "दहाव्याचा फोन आला नाही."

"आज भेटला. नाल्यातून काढलं. चढ चढवला."

"नाव?"

"विचारलं नाही."

"तुम्ही? विचारलं नाहीत?"

"नाही."

"का केलं त्याने?"

"माहीत नाही, बाळा."

फटीतला डोळा पुन्हा माझ्या गुडघ्याकडे गेला. मग तिच्या मागून जावयाचा आवाज आला. "अगं, गुडघ्याला रुमाल आहे की कोणाचा तरी."

"रुमालावर नाव नाही," मीच म्हणालो. "असला पुरावा ग्राह्य धरता येत नाही. माझ्याकडे दहाव्याचा काहीच पुरावा नाही. मी सांगतोय एवढंच."

साखळी निघाल्याचा आवाज झाला. दार पूर्ण उघडलं आणि माझी मुलगी चिखलासकट माझ्या गळ्यात पडली. बायकोने सांगितलेलं काम मग आम्ही दोघांनी मिळून केलं.

जावई पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. मी तो घेतला, न विचारता प्यायलो आणि घसा साफ केला. "ते सतराव्या रकान्यातलं," मी म्हणालो, "समासातलं. ते मी मागे घेतो."

"लेखी द्या," तो म्हणाला. माणूस वाटला त्यापेक्षा बरा निघाला.

सकाळी जाग आली ती ताडकन. सायकल! रात्रभर खाली, आणि तीनपैकी एकही कुलूप लावलेलं नाही! तसाच लंगडत जिना उतरलो. सायकल जागेवर होती. चिखल धुतलेला, तुटलेला मडगार्ड तारेने घट्ट बांधलेला, दोन्ही चाकांत टम्म हवा. मी जावयाला विचारलं, त्याने केलेलं नव्हतं. मुलीला विचारलं, तिनेही नाही. समोरच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्यांकडे मी एकेक करून बघितलं. हात खिशातल्या पेनाकडे गेला, पण फॉर्म तर नाल्यात वाहून गेले होते. मग तोच हात वर करून मी सगळ्या खिडक्यांना मिळून एकदाच हलवला.

चौथ्या मजल्यावरच्या एका खिडकीतून एका टकल्या गृहस्थांनी हात हलवला. हसले पण. आता मला सांगा, ओळख ना पाळख, हा माणूस माझ्याकडे बघून हसतो कशासाठी?